शंकर पक्ष्याचा पत्ता

पक्ष्यांच्या कोणत्याही चांगल्या पुस्तकात शंकर या पक्ष्याचे पान काढून पाहा. तेथे साधारणपणे दोन गोष्टी छापलेल्या आढळतील. पहिली अशी, की हा पक्षी युरोप-आशियाच्या थंड उत्तर टोकाला, आर्क्टिक प्रदेशात व त्याच्या कडेला घरटे करतो. दुसरी अशी, की आपल्याकडे तो हिवाळी पाहुणा आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. तरीही ती वाचून मनात जे चित्र उभे राहते ते अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट चित्राची किंमत आपल्या तलावांच्या काठांना मोजावी लागत आहे, असे माझे मत आहे. माझा विषय पदार्थविज्ञान, पक्षिशास्त्र नव्हे. पण मोजमाप हा आमचा रोजचाच उद्योग आहे. तेव्हा सुरुवात मोजमापानेच करू.

नॉर्वे-स्वीडनच्या उत्तर भागात हा पक्षी मे महिन्याच्या अखेरीस पोहोचतो. घरटे, अंडी, पिल्ले हे सारे उरकून ऑगस्ट-सप्टेंबरात तो निघतो. म्हणजे तेथला मुक्काम सुमारे तीन महिन्यांचा. आपल्या भागात तो साधारण ऑक्टोबर ते मार्च असतो. हे झाले सहा महिने. उरलेले तीन महिने येण्याजाण्यात आणि वाटेतल्या थांब्यांवर जातात. आता सांगा, वर्षातले तीन महिने एके ठिकाणी आणि सहा महिने दुसऱ्या ठिकाणी राहणाऱ्याचा पत्ता पोस्टमनने कोणता धरावा? सहा महिने मुक्काम ठोकून बसलेल्याला आपल्या वऱ्हाडात तरी कोणी पाहुणा म्हणत नाही. घरटे जेथे असेल ते घर, ही पुस्तकांची व्याख्या सोयीची आहे, कारण पिल्ले तेथे जन्मतात. पण पिल्लू जगते की मरते हे पुढच्या नऊ महिन्यांत ठरते, आणि त्यातले सहा महिने आपल्या काठावर जातात.

या पक्ष्याची थोडी ओळख करून देतो. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन १५ ते २० ग्रॅम. चिमणीएवढा दिसला तरी तिच्याहून हलका आणि पायाने उंच. पाठ मातकट तपकिरी, डोळ्यावर पांढुरकी भुवई. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना तांबूस रंग असतो. पक्षी उडून झुडपात शिरताना तो झळकतो आणि हीच त्याची सर्वांत पक्की खूण. नराच्या गळ्यावर सुंदर निळा पट्टा, त्याच्या मध्यभागी तांबूस ठिपका, खाली काळी, पांढरी व तांबूस किनार. मादीचा गळा पांढुरका, भोवती काळसर ठिपक्यांची माळ. हिवाळ्याच्या सुरुवातीला नराचा निळा रंगही फिकट आणि झाकलेला असतो. मार्चकडे तो उजळत जातो. हा पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून मिरवत नाही. पाणकणसाच्या किंवा लव्हाळ्याच्या बुडाशी, ओल्या चिखलावर तो तुरुतुरु धावतो, थांबतो, शेपटी उभारतो, एखादा किडा टिपतो आणि पुन्हा आत. म्हणूनच तलावावर रोज जाणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो.

नावाचाही एक घोटाळा येथेच सोडवलेला बरा. गळा निळा म्हणून आपण याला शंकर म्हणतो. नीलकंठी असेही म्हणतात. पण दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात आणि हिंदीत ज्याला नीलकंठ म्हणतात तो पक्षी वेगळा. तो चास, म्हणजेच नीलपंख. त्याचे पंख निळे असतात. कंठ मुळीच निळा नसतो. मोरालाही आपल्या कवींनी नीलकंठ म्हटलेले आहे. एका नावाचे तीन धनी, आणि तिघांचे एकमेकांशी जवळचे नातेही नाही. अशा वेळी शास्त्रीय नावाची गरज कळते. शंकराचे शास्त्रीय नाव लुसिनिया स्वेसिका. त्यातल्या स्वेसिका या शब्दाचा अर्थ स्वीडनचा. म्हणजे पत्त्याची गडबड नावातच शिरलेली आहे. लिनियसने ज्या देशात बसून नाव दिले त्या देशाचा शिक्का पक्ष्यावर बसला. तो नांदेडला किंवा मेहकरला जन्मला असता तर काय नाव पडले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

आता याचा विस्तार पाहू. नॉर्वेपासून रशियाच्या उत्तर भागातून, सैबेरिया ओलांडून थेट अलास्काच्या पश्चिम टोकापर्यंत हा पक्षी घरटी करतो. अलास्कातले शंकर हिवाळ्यात अमेरिका खंडात दक्षिणेला उतरत नाहीत. ते बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून पुन्हा आशियात येतात. आणि पुस्तकांच्या तळटीपेत राहून जाणारी गोष्ट अशी, की याच जातीचे पक्षी आपल्या लडाखमध्येही घरटी करतात. लडाख ३४ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर. मग याला आर्क्टिक पक्षी म्हणायचे कसे? उलट हिमचिमणीसारखा दिसणारा, इंग्रजीत ज्याला स्नो बंटिंग म्हणतात तो पक्षी खरोखर आर्क्टिकचा. तो ग्रीनलंडच्या खडकांत घरटे करतो आणि हिवाळ्यात फार तर उत्तर युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांपर्यंत व माळांपर्यंत खाली येतो. शंकराची गोष्ट निराळी आहे.

नॉर्वेतली दलदल, लडाखमधला ओढा आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या तलावाचा काठ यांत समान काय आहे? तापमान नाही. उंची नाही. दिवसाची लांबीही नाही. नॉर्वेत त्याला भूर्ज वृक्षांची खुरटी राई आणि विलोची झुडपे असलेली पाणथळ जमीन लागते. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद. लडाखमध्ये ओढ्याकाठची अशीच झुडपे असतात. आपल्याकडे पाणकणीस, लव्हाळा, पाटाकडेचे गचपण, कधी ओलिताचा ऊस, आणि विदर्भात सगळीकडे माजलेली बेशरमची झुडपेसुद्धा. बेशरम ही बाहेरून आलेली वनस्पती, तिचे कौतुक करावे असे मला वाटत नाही. पण पक्षी वनस्पतीचा जन्मदाखला तपासत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. पाय भिजेल अशी जमीन, डोक्याच्या वर हातभर दाट आडोसा, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत धावता येईल एवढी मोकळी जागा. या फटीतच किडे असतात. हे जेथे असेल तेथे शंकर राहतो, मग अक्षांश कोणताही असो. वसतिस्थान या शब्दाचा अर्थ समजावून द्यायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

वर्गीकरणाचा प्रश्न याहून मजेदार आहे. शिक्षक मित्र अनेकदा तक्रार करतात की शास्त्रज्ञ नावे फार बदलतात. मुलांनी पाठ काय करायचे? शंकराचेच पाहा. लिनियसने १७५८ साली त्याला मोटॅसिला या प्रजातीत घातले, म्हणजे धोबी पक्ष्यांच्या पंगतीला बसवले. त्या काळी चिमण्या चोचीचे, किडे खाणारे बरेच पक्षी त्या एकाच पोत्यात होते. पुढे कोणी त्याला नाइटिंगेलच्या लुसिनिया प्रजातीत नेले, कोणी युरोपातल्या रॉबिनच्या एरिथॅकस प्रजातीत. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या १९६८ ते १९७४ या काळात निघालेल्या दहा खंडांच्या ग्रंथात तो एरिथॅकसच आहे. (नाइटिंगेलचे भाषांतर आपल्याकडे कोणी बुलबुल करतात, कोणी कोकिळा. दोन्ही चूक. तो शंकराचा चुलतभाऊ आहे.) कुलाबद्दलही असेच झाले. बराच काळ या सगळ्यांना कस्तुरांचे नातेवाईक समजले जाई. अंगाचा बांधा, लांब पाय, पिल्लांच्या अंगावरचे ठिपके ही त्याची कारणे होती. गेल्या काही दशकांत डीएनएच्या अभ्यासाने हे नाते मोडले. आज शंकर माशीमार पक्ष्यांच्या कुलात आहे. त्या कुलात त्याच्याबरोबर कोण आहे ते पाहिले तर तुम्हाला आनंद होईल: अंगणातला दयाळ, माळावरचा चिरक, शेताच्या कुंपणावरचा गप्पीदास आणि हिवाळ्यात येणारा थिरथिरा. शेपटी उभारण्याची खोड या मंडळींत कशी पसरलेली आहे ते एकदा लक्ष देऊन बघा.

मला या बदलांचा त्रास वाटत नाही. नाव बदलले म्हणजे कोणीतरी पुरावा आणला आणि जुन्या रकान्यात पक्षी बसेना. रकाना मोडला, पक्षी नाही. परीक्षेत नाव विचारण्याऐवजी, ते का बदलले असे विचारणारा एक तरी प्रश्न असावा अशी माझी शिक्षकांना सूचना आहे. आणि या रकान्याच्या गोष्टीकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे.

जातीच्या आतली विभागणी मात्र अजूनही डोळ्यांवरच बरीचशी अवलंबून आहे. शंकराच्या दहाच्या आसपास उपजाती मानतात आणि त्या मुख्यतः नराच्या गळ्यावरच्या ठिपक्यावरून ओळखतात. उत्तरेकडच्यांचा ठिपका तांबूस, मध्य युरोपातल्यांचा पांढरा. पांढऱ्या ठिपक्याचे पक्षी हिवाळ्यात भूमध्य समुद्राभोवती आणि आफ्रिकेत जातात. तांबड्या ठिपक्याचे आपल्या दिशेला येतात. पण हा ठिपका ठळक असतो तो विणीच्या दिवसांत, आणि तोही फक्त नराचा. नोव्हेंबरात आपल्या तलावावर फिकट गळ्याची मादी किंवा लहान वयाचा पक्षी दिसला, तर तो नॉर्वेतून आला, मध्य सैबेरियातून आला की लडाखहून उतरला हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याच्याकडे संशयाने पाहावे.

गळ्याचा तो निळा रंग हा माझ्या विषयाचा भाग आहे, म्हणून दोन शब्द जास्त लिहितो. त्यातला तांबूस ठिपका रंगद्रव्याचा आहे. निळा मात्र कोणत्याही निळ्या रंगद्रव्याने आलेला नाही. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिन आणि हवा यांची अतिसूक्ष्म जाळी असते. तिच्यातल्या छिद्रांचे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळते, आणि निळ्या भागातल्या लहरी एकमेकींना बळ देत परत फिरतात. पूर्वी याचे स्पष्टीकरण आकाशाच्या निळ्या रंगासारखेच, म्हणजे सुट्या सूक्ष्म कणांवरून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाने, देत असत. आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी चासाची पिसे घेऊन या प्रश्नावर १९३४ साली निबंध प्रसिद्ध केला होता. चार वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस पक्ष्याचे पीस भिंगाखाली धरून बसतो, हे चित्र मला फार आवडते. मोराचे गळलेले पीस तिरके करत गेले तर रंग बदलतो. शंकराच्या गळ्याचा निळा तसा फारसा बदलत नाही, कारण त्याच्या जाळीची रचना सगळ्या दिशांना सारखीच अस्ताव्यस्त असते. शिवाय हा गळा अतिनील किरणेही (जुन्या पुस्तकांत यांना जंबुपार म्हणत) परावर्तित करतो. आपल्याला ती दिसत नाहीत, पक्ष्यांना दिसतात. नॉर्वेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही नरांच्या गळ्याला अतिनील किरणे शोषणारे, माणसे उन्हात लावतात तसले द्रव्य लावले. आपल्या डोळ्यांना ते नर फारसे वेगळे दिसले नसते. माद्यांनी मात्र ज्यांच्या गळ्याची अतिनील चमक शाबूत होती त्यांना पसंती दिली. ज्या खुणेवरून आपण वर्गीकरण करतो ती खूण आपल्याला पूर्ण दिसतही नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग हा पक्षी कोठून कोठे जातो हे कळले कसे? एक जुनी रीत म्हणजे पायात कडे घालणे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर हे काम केले. पण कडे घातलेला लहान पक्षी दुसऱ्या देशात पुन्हा कोणाच्या हाती लागणे म्हणजे नशिबाचा भाग. अलीकडची युक्ती अधिक हुशारीची आहे. एक ग्रॅमच्या आसपासचे, किंबहुना त्याहूनही हलके असे उपकरण पक्ष्याच्या पाठीवर बांधतात. ते संदेश पाठवत नाही. ते फक्त घड्याळ आणि प्रकाशाची नोंद एवढेच ठेवते. पुढच्या वर्षी तोच पक्षी त्याच ठिकाणी परत पकडला, तर वर्षभराचे सूर्योदय आणि सूर्यास्त हाती येतात.

त्यावरून जागा कशी काढायची, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे स्थानिक मध्यान्ह. समजा उपकरणाचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावले आहे. नॉर्वेत १० अंश पूर्व रेखांशावर मध्यान्ह त्या घड्याळात ११ वाजून २० मिनिटांनी येईल. बुलढाण्याचा रेखांश ७६.२ अंश, येथे मध्यान्ह सरासरीने ६ वाजून ५५ मिनिटांनी येईल. (आपल्या भारतीय घड्याळात ते १२ वाजून २५ मिनिटे. शाळेच्या पटांगणात काठी उभी करून सर्वांत आखूड सावलीची वेळ घ्या, म्हणजे पटेल. वर्षभरात यात थोडा फरक पडतो, त्याची दुरुस्ती करावी लागते.) रेखांश मिळाला. अक्षांश मिळतो दिवसाच्या लांबीवरून. २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे दिवस अकरा तासांना थोडा कमी असतो, ६० अंशांवर सहा तासांच्या आसपास, आणि ७० अंशांवर सूर्य उगवतच नाही.

या रीतीत दोन खोडे आहेत, आणि दोन्ही नेमके शंकराला आडवे येतात. विषुवदिनाच्या सुमारास सगळ्या अक्षांशांवर दिवस सारखाच, बारा तासांचा. त्यामुळे मार्चच्या आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात अक्षांश सांगताच येत नाही. प्रवासाचे दिवस पुष्कळदा तेच. दुसरे असे, की पक्षी गचपणाच्या बुडाशी राहतो. तेथे सूर्योदय उशिरा आणि सूर्यास्त लवकर झाल्यासारखा उपकरणाला वाटतो. तरीसुद्धा नॉर्वे आणि झेक प्रजासत्ताकातल्या तांबड्या ठिपक्याच्या शंकरांवर केलेला असा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि ते पक्षी हिवाळ्यात भारतीय उपखंडात येतात हे त्यातून दिसून आले. आफ्रिका त्यांना वाकडी वाट नव्हती, तरी ते पूर्वेला वळतात. हिमयुगानंतर ही मंडळी आशियातून पश्चिमेकडे पसरली असावीत आणि जुन्याच वाटेने परतत असावीत, असा एक तर्क आहे. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून बुलढाण्यापर्यंतचे अंतर सरळ मोजले तरी सुमारे साडेसहा हजार किलोमीटर भरते. वीस ग्रॅमचा जीव ते वर्षातून दोनदा कापतो.

आता त्या रकान्याच्या गोष्टीकडे वळतो, कारण हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. पक्ष्याचा रकाना आपण पुरावा पाहून तीन-चार वेळा बदलला. तो ज्या जागेवर सहा महिने राहतो त्या जागेचा रकाना कोणता? पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. त्यांतली पाणथळ जागेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव तिच्यातून वगळलेले आहेत. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली कामेही वगळलेली आहेत. नद्यांची पात्रे आणि भातशेतीदेखील वगळलेली आहे. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक जलसाठे माणसाने याच दोन कामांसाठी बांधलेले. येळगावचे धरण बुलढाणा शहराच्या पाण्याचे; नळगंगा आणि खडकपूर्णा सिंचनाची. म्हणजे कागदावर या पाणथळ जागा नाहीतच. लोणारचे सरोवर निसर्गनिर्मित असल्याने वाचले. २००० साली ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये सुमारे ४२७ हेक्टरचा तो परिसर रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. फार चांगले झाले. पण जिल्हाभर विखुरलेले हजारो लहान पक्षी एका विवरात मावत नाहीत.

नियम करणाऱ्यांची अडचण मला समजते. धरण पाण्यासाठी बांधले, पाणी शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे. त्यात पक्ष्याच्या नावाने अडथळा आला तर लोक पक्ष्यावरच चिडतील. पण शंकराला पाणी नको आहे. त्याला काठ हवा आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन, ओढा तलावात शिरतो तेथला उथळ चिखल आणि त्यावरचे पाणकणीस एवढ्यावर त्याचे भागते. गाळपेरीत शेतकरी हरभरा, गहू, भाजी लावतात, त्याचीही त्याला हरकत नसते. बांधाच्या गवतात तो खुशाल राहतो. त्याचे सहा महिने जातात ते सुशोभीकरणाने. तलावाभोवती दगडी पिचिंग, त्यावर फरशीचा रस्ता, बाके, दिवे आणि काठ स्वच्छ. मी अशा एका गावचा तलाव आधी आणि नंतर पाहिलेला आहे. आता तेथे पाण्यातून निघालेला दगड थेट फरशीला भिडतो. पाऊल भिजेल अशी वीतभर जमीन उरलेली नाही. बदके खोल पाण्यात येतात आणि लोक समाधानाने म्हणतात की पक्षी अजून आहेत. काठावरचा जो आधी दिसतच नव्हता, तो नाहीसा झाल्याचे कोणाला कळणार?

पाटबंधारे खात्यातल्या एका स्नेह्यांशी मी यावर वाद घातला. त्यांचे म्हणणे असे, की मातीच्या बांधावर झुडपे वाढू दिली तर मुळांच्या वाटेने पाणी झिरपते. पाटात पाणकणीस माजले तर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही. आणि गचपणात डास होतात. पहिले दोन मुद्दे मी पूर्ण मान्य करतो. बांध आणि पाट साफच ठेवले पाहिजेत. डासांचा मुद्दा वस्तीजवळच्या साचलेल्या पाण्याला लागू आहे, तेथेही मी वाद घालणार नाही. पण तलावाला दोन टोके असतात. एका टोकाला बांध असतो, दुसऱ्या टोकाला ओढा आत येतो. या दुसऱ्या, वरच्या टोकाला बांधाची भीती नाही आणि पाटही नाही. शिवाय तेथले गवत-पाणकणीस ओढ्याबरोबर येणारा गाळ अडवते, तो फायदा धरणालाच. सुशोभीकरण करायचेच असेल तर बांधाच्या बाजूने करावे आणि वरच्या टोकाला हात लावू नये. गवत काढणे भाग पडले तर शंकर निघून गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढावे, आणि तेही एका वर्षी एक बाजू, दुसऱ्या वर्षी दुसरी. यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात दोन ओळी लागतात.

हा पक्षी दुर्मिळ आहे, तो नष्ट होणार आहे, असे मी म्हणत नाही. जगभरच्या यादीत तो सध्या धोक्याबाहेर आहे, आणि खोटी भीती घालून विज्ञान शिकवू नये. किंबहुना तो अजून भरपूर आहे म्हणूनच त्याचे मोजमाप करण्याची हीच वेळ आहे. आपल्या तालुक्यात दहा वर्षांपूर्वी शंकर किती काठांवर होता, हे आज कोणाला विचारावे? लोणारचा अभ्यास करायला देशविदेशातले लोक येतात. शाळेमागच्या तलावाची वही कोणाकडेच नाही.

तेव्हा ज्या शाळेजवळ तलाव आहे तिने एक वही घालावी. सकाळी सूर्य पाठीशी येईल असे बसावे, पाणकणसाच्या कडेच्या उघड्या चिखलावर नजर ठेवावी आणि पंधरा-वीस मिनिटे हालू नये. गचपणात दगड मारून पक्षी उठवू नये. वहीत तारीख, वेळ, किती पक्षी, नर की मादी की सांगता आले नाही, हे लिहावे. ‘सांगता आले नाही’ हा रकाना रिकामा राहू लागला तर शिक्षकांनी थोडी चौकशी करावी. शंकर दिसला नाही त्या दिवसाचीही नोंद हवी. दर वेळी काठाच्या एकाच टोकापासून चालत जाऊन पाणकणसाची पट्टी किती पावले लांब आहे ते मोजावे. पावले एकाच विद्यार्थ्याची असावीत. तो दहावी होऊन गेला की पुढच्याच्या पावलाशी त्याचे पाऊल ताडून घ्यावे.

मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या फेऱ्या मात्र चुकवू नका. तोवर नरांचे गळे निळे झालेले असतात आणि दुर्बीण नसली तरी रंग दिसतो. मग एका सकाळी चिखल रिकामा असतो. ती तारीख लिहून तिच्यासमोर त्या दिवशीची पावले लिहावीत, आणि ऑक्टोबरमध्ये पहिला पक्षी दिसेल त्या दिवशी पट्टी पुन्हा मोजावी.